मांडीतला शिंपी

दिवाळी तोंडावर आलेली असताना पिंप्राळ्याच्या लोटन टेलरने दुकान बंद ठेवलं म्हणजे नवलच. पण धुळ्याच्या मेडिकल कॉलेजातून लेकीचं, कुंदाचं, पत्र आलं होतं: 'नाना, मला घरी न्या. हे माझ्याने होणार नाही.' उभा जन्म सतरंजीवर मांडी घालून, काजं-बटणं करून ज्या पोरीला शिकवलं, तिने दोन महिन्यांत हात टेकले! गळ्यातला टेप तसाच ठेवून लोटन एसटीत बसला. रागावला होता खरा, पण तिचं सामान बांधून आणायला रिकामी वळकटीही सोबत घेतली होती.

होस्टेलच्या ओट्यावर कुंदा त्याला पाहून रडायलाच लागली.

"मुडदाले घाबरी गयी का?"

"नाही हो नाना. सरांनी टेबलावरच्या देहाच्या मांडीतला एक स्नायू दाखवला. अंगातला सगळ्यात लांब. सार्टोरिअस. लॅटिन भाषेत सार्टर म्हणजे शिंपी. शिंपी मांडी घालून बसतो, त्याला हा स्नायू लागतो, म्हणून ते नाव. मग सर म्हणाले, काप. मला तुमचाच पाय दिसला."

लोटनने आपल्या मांडीकडे पाहिलं. कुण्या राजाचं नाव असतं तर ठीक होतं. पण शिंपी? त्याने खिशातला खडू काढून तिच्या हाती दिला. तिने त्याच्या पांढऱ्या विजारीवर निळी रेघ ओढली, कमरेच्या हाडापासून तिरकी, थेट गुडघ्याच्या आतल्या बाजूला. लोटनने मांडी घातली. रेघेखाली काहीतरी आखडलं, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बठ्ठासना पायमा शे हाई?"

"सगळ्यांच्या."

"कलेक्टरना बी? टेबलवरना त्या माणूसना बी?"

"हो."

त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, "नवं कापड हाती उनं का मी पहिले काय करस?"

"कात्री कपाळाला लावता."

"का बरं?"

"कुणीतरी भरवशाने दिलेलं असतं म्हणून."

"त्या माणूसनी बी देह भरवसानीच देयेल शे. सरळ कापजो बेटा."

दुपारी लोटन शवविच्छेदनाच्या हॉलच्या दाराशी उभा राहिला. आत कुंदाने हातातली सुरी कपाळाला लावली, डोळे पुसले आणि टेबलावर वाकली.

रिकामी आणलेली वळकटी तशीच काखेत मारून तो स्टँडकडे निघाला. विजारीवरची रेघ त्याने झटकली नाही.