बारा जागी दोन सेकंद

बुधवारी संध्याकाळी गेनर टॅम्सनं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून 'वॉर्म ब्रिक्स' ऐकायला घेतला आणि पाचव्या मिनिटाला तिला वाटलं, फोन बिघडला. पहिलं गाणं संपलं होतं, दुसरं सुरू झालं होतं, आणि मधे काहीच झालं नव्हतं.

हा अल्बम तिनं त्याआधी हजारावर वेळा ऐकलेला होता. इंग्लंडातल्या लाँगटन गावी, कपबश्यांच्या कारखान्यात, सजावटीच्या खोलीत, दर शुक्रवारी सकाळी दहाला तो लागायचा. तेरा गाणी, एकातून दुसरं निघत जाणारं, एकूण चौऱ्याहत्तर मिनिटं. कीथ वॉर्डल या तिथल्याच डीजेनं १९९९ साली दोन तबकड्या शेजारी शेजारी फिरवत, हातानं जुळवून ती एका बैठकीत बांधली होती. वॉर्डलची ओळख सगळ्या खोलीला एकाच गोष्टीनं होती. बाकीचे डीजे माणसाला दम घेऊ देत नाहीत, हा देतो. प्रत्येक गाण्याच्या शेवटी, ठेका ऐन भरात असताना, सगळं एकदम थांबायचं. दोन सेकंद. मग पुढचं गाणं धाडकन सुरू.

बायकांनी त्या दोन सेकंदांचा खेळ केला होता. छाप्याचा कागद पाण्यातून काढून कपावर सरकवायचा, रबरी पट्टीनं खालची हवा काढायची, कप पुढे ठेवायचा, हे दिवसाला चारशे वेळा. गाणं थांबलं की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्या बाईचा हात कपावर राहील तिनं चहा करायचा. असे बारा थांबे. खांदे त्यामुळे मोकळे व्हायचे, असं विल्मा ब्लूअर म्हणायची, आणि विल्मा त्या बाकावर एकेचाळीस वर्षं बसत होती.

गेनरनं फोन बंद करून पुन्हा लावला. मग दोन गाण्यांच्या दुसऱ्या जोडापर्यंत ऐकलं, मग तिसऱ्या. कुठेच थांबा नव्हता. अल्बम कित्येक वर्षं बाजारात नव्हता. त्यातल्या गाण्यांच्या हक्कांची भांडणं होती म्हणे. आता तो नव्यानं निघाला होता, आणि त्यानिमित्तानं रविवारी दुपारी दोन वाजता गावातल्या कामगार क्लबात वॉर्डल स्वतः तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार होता. तिकिटाबरोबर फोनवर ऐकायला अल्बम मिळाला होता. हा अस्सल होता, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

मग घोडं पेंड कुठे खात होतं?

ते तिला ताटातलं ओटचं धिरडं गार होईपर्यंत बसल्यावर आठवलं. १९९९च्या नोव्हेंबरात तिनं ती सीडी वाचनालयातून तीन दिवसांसाठी आणली होती. घरी नवऱ्यानं नवा कॉम्प्युटर घेतला होता. सीडी थेट त्यात घातली आणि बाकावरच्या बायकांसाठी चौदा प्रती काढल्या. पडद्यावर एक चौकट आली होती. गाण्यांमध्ये दोन सेकंदांची मोकळी जागा ठेवायची का? बरोबरची खूण आधीच केलेली होती. कॉम्प्युटरला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं समजून तिनं ती तशीच ठेवली. मूळ सीडी न ऐकताच परत केली.

म्हणजे वॉर्डल कधीच थांबला नव्हता. थांबली होती ती गेनर टॅम्सची चौकट.

एरवी ती हसली असती. पण विल्मानं रविवारसाठी टी-शर्ट छापून घेतले होते. सत्तावीस. खोलीत आता अकराच जणी उरल्या होत्या, पण कामावरून कमी केलेल्या, निवृत्त झालेल्या अशा सगळ्या जुन्या बायका येणार होत्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'दोन सेकंद'. बेत असा, की सगळ्यांनी अगदी पुढे, वॉर्डलच्या नाकासमोर उभं राहायचं आणि पहिल्या थांब्याला एकदम हात वर करायचे. ज्यानं ते थांबे केले त्याला कळू दे, की लाँगटनमध्ये त्याची कदर आहे. आणि तो थांबणारच नव्हता. सत्तावीस बायका भर क्लबात हात वर करून बावळटासारख्या उभ्या राहणार होत्या, आणि त्यांचं हसं व्हायला कारण एकटी गेनर.

गुरुवारभर ती मूग गिळून बसली. कपावरची फुलं तिनं दोनदा उलटी चिकटवली.

शुक्रवारी दहाला तिनं सीडीप्लेअरला हात लावला नाही. फोन स्पीकरला जोडला.

चार मिनिटं चाळीस सेकंदांनी, सवयीनं, अकराच्या अकरा जणींचे हात वर गेले. गाणं चालूच राहिलं. हात तसेच वर.

"थांबलं का नाही गं हे?" विल्मा म्हणाली.

"थांबणार नाही," गेनर म्हणाली. "हा खरा आहे."

"खरा म्हणजे? मग आपला काय चोरबाजारातला?"

गेनरनं सांगून टाकलं. वाचनालय, कॉम्प्युटर, चौकट, खूण. सांगताना ती विल्माकडे न बघता पाण्याच्या घमेल्यात बघत होती. हात एकेक करून खाली आले.

पहिली बोलली ती डोना किर्कहॅम, समोरच्या बाकावरून. "म्हणजे सव्वीस वर्षं आम्ही वॉर्डलची वाहवा केली, आणि कर्तृत्व तुझ्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरचं?"

"माजी नवऱ्याच्या."

"मग बरोबर आहे," कोणीतरी मागून म्हणालं. "त्याला तरी कुठलं काम सलग जमलं?"

खोली हसली. डोना हसली नाही. "तुम्हाला हसायला काय जातंय! माझ्या लग्नात तो बिचारा डीजे, त्याला मी सांगितलं होतं, दोन गाण्यांच्या मधे थांब, मोठे डीजे थांबतात. तो माझ्याकडे आ वासून बघत राहिला. मी म्हटलं, शीक जरा वॉर्डलकडून."

आता तर काहीजणींना पट्टी खाली ठेवावी लागली. "मी तो टी-शर्ट घालणार नाही," डोना म्हणाली. "सांगून ठेवते. भर क्लबात तोंडघशी पडायची हौस नाही मला."

"मलाही नको वाटतं," गेनर म्हणाली. "विल्मा, पुढे नको उभं राहूया. मागे बसू, गप्प ऐकू. शर्टांचं माझ्यावर ठेव."

विल्मा उठली, दाराजवळच्या ट्रेमधून एक कप उचलून आणला आणि गेनरच्या समोर ठेवला. भट्टीतून आलेला, चकाकी चढलेला. कानाशी चकाकीत टाचणीच्या टोकाएवढं एक भोक.

"काय हे?"

"सेकंड," गेनर म्हणाली. डागाच्या मालाला तिथे सगळे हेच म्हणतात. पहिल्या प्रतीचा माल खोक्यात जातो, सेकंड कारखान्याच्या दुकानात.

"गळतो?"

"नाही."

"तुझ्या घरी पहिल्या प्रतीचा एक तरी कप आहे?"

"एकही नाही."

"डोना, तुझ्या?"

"माझी सासू ठेवायची दोन. पाहुण्यांसाठी," डोना म्हणाली. "पाहुणे कधी आलेच नाहीत."

"या अख्ख्या गावानं जन्मभर सेकंडमधनं चहा प्यायला. चांगले कप गेले जपानला, आणखी कुठेकुठे. आपल्याला कोणी विचारलं, कप तिरका का, तर आपण सांगतो, माझाय. आता हिनं आपल्याला एक सेकंड सीडी आणून दिली. एक नाही, बारा डागांची. आणि पाठीवर काय छापलंय? दोन सेकंद. मला तर वाटतं, छापणाऱ्याला आधीच कळलं होतं." ती पुन्हा खाली बसली. "मी घालणार. खांदा माझा आहे. सव्वीस वर्षं तो ज्या थांब्यानं वाचवला, त्याला मी मागे कशाला बसवू? ज्यांना यायचं त्यांनी या. आणि गेनर, राणी, तो फोन काढ आता. दहा वाजून वीस मिनिटं झाली. शुक्रवार आहे."

गेनरनं जुनी सीडी लावली. पहिल्याच थांब्याला डोनाचा हात कपावर राहिला. मुद्दाम ठेवला होता की काय, कुणाला कळलं नाही, पण चहा तिनं केला.

रविवारी क्लबात तीनशे माणसं असतील. बहुतेकांची पन्नाशी उलटलेली. बिंगोचा फळा भिंतीकडे वळवून ठेवलेला, खिडक्यांवर काळे पडदे, तरी कडेनं दुपारचं ऊन आत येत होतं. बायकांनी आरामाच्या चपला घातल्या होत्या. एका कोपऱ्यात पेस्ट्रीत भरलेलं मांस आणि वाटाणे मिळत होते आणि रांग बारच्या रांगेपेक्षा लांब होती.

कीथ वॉर्डल एकसष्टचा होता. नाकावर वाचायचा चष्मा. हल्ली तो शाळेची छोटी बस चालवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं तबकडी पुसली, सुई ठेवली, आणि कसलंही भाषण न करता सुरुवात केली.

पुढे सव्वीस शर्ट उभे होते. डोना आली होती, पण अंगात निळा स्वेटर, आणि उभी चार पावलं मागे.

पहिला जोड जवळ आला तसा गेनरचा जीव टांगणीला लागला. आता. विल्माचे हात वर गेले, मग सगळ्यांचे, आणि तिचेही. गाणं थांबलं नाही. शेजारचा एक टकला माणूस हसून आपल्या बायकोला काहीतरी दाखवायला लागला. गेनरचे कान तापले. हात खाली घ्यायचे की नाही, तेवढं ठरवायला दोन सेकंद खूप असतात.

तेवढ्यात तिला ते ऐकू आलं. जिथे कायम शांतता होती तिथे दोन गाणी एकमेकांत होती. नवं गाणं कधीचंच आत येऊन बसलं होतं, अगदी हळू, आणि जुनं ते कळल्यासारखं बाजूला सरकत होतं. ओला छापा कपावर बसण्याआधी बोटाखाली सरकतो, तसं. हे ती पूर्ण असं पहिल्यांदा ऐकत होती. बुधवारी टेबलापाशी तिनं फक्त थांबा शोधला होता, ऐकलं नव्हतं. ती हात वर ठेवूनच ऐकत राहिली. दोन सेकंद केव्हाच उलटून गेले होते.

दुसऱ्या जोडाला टकल्या माणसाच्या बायकोनं हात वर केले. चौथ्याला त्यानं स्वतः. सातव्याला अर्धा क्लब हात वर करून नाचत होता, आणि का करतोय हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर डोनाचेही हात वर होते, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत घसरलेल्या.

अल्बम संपला. टाळ्या बराच वेळ चालल्या. पुढच्या तासाच्या जुन्या गाण्यांआधी वॉर्डल अर्धा ग्लास बिअर घेऊन खाली उतरला, तो थेट शर्टांपाशी आला.

"हे दोन सेकंद काय आहे?" त्यानं विचारलं. "तिथून मी बघत होतो. मला वाटलं निदर्शनं आहेत."

सगळ्यांनी गेनरकडे पाहिलं. विल्मानं तिला कोपरानं ढोसलं. "बोल की. परवा बरी बोलत होतीस."

"चूक माझी आहे," गेनर म्हणाली, आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी तिनं समोर बघून सांगितलं. "तुमच्या कामाचे आम्ही तेरा तुकडे केले, मिस्टर वॉर्डल. आणि वर सव्वीस वर्षं तुमचंच कौतुक केलं."

वॉर्डलनं चष्मा काढला. "म्हणजे प्रत्येक जोडावर शांतता?"

"प्रत्येक."

"सातव्यावर पण?"

"बाराच्या बारावर."

"सातव्यावर नेमकं काय ऐकू येतं?"

गेनरला ते डोळे मिटून सांगता आलं असतं. "ढोल जरासा अडखळतो, थांबायला आल्यासारखा. तोच शांतता. मग नवीन गाणं, सरळ."

"जरासा अडखळतो," वॉर्डल म्हणाला. "अहो, तिथे माझा हात घसरला होता. दोन ढोल घोड्यांसारखे उधळले, पाच सेकंद. पुन्हा करायला वेळ नव्हता, तसंच छापलं. तेव्हापासून मी हा अल्बम घरी लावलेला नाही. लोक म्हणतात, ग्रेट आहे, आणि मला फक्त ते पाच सेकंद ऐकू येतात." त्यानं एक घोट घेतला. "नव्या आवृत्तीत तरी ते दुरुस्त करायचं, तर कंपनीवाले म्हणाले, लोकांना मूळचंच हवंय."

"आज तर काही उधळलं नाही," डोना मागून म्हणाली.

"आज सगळ्यांचे हात वर होते. माझ्या हाताकडे कोण बघतंय?" तो हसला. "तुमची प्रत माझ्यापेक्षा बरी निघाली, बाई. त्या शांततेमुळे माझी चूक निदान थांबायच्या तयारीसारखी तरी वाटली."

"बाई नको, गेनर," गेनर म्हणाली. तिच्या खांद्यावरचं बुधवारपासूनचं ओझं उतरलं होतं आणि तिला एकदम भूक लागली होती.

"शुक्रवारी दहाला ये ऐकायला," विल्मानं त्याला सांगून टाकलं. "बस सोडून ये. कारखान्याच्या मागच्या दारानं."

"येतो. पण आता खरा मिळालाय ना तुम्हाला? मग तुम्ही कुठला लावणार?"

याचा विचार कोणी केला नव्हता. गेनरला तो पहिला जोड आठवला, सरकणारा.

"शुक्रवारी आमचा," ती म्हणाली. "सोमवारी तुमचा."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी रेडिओ," विल्मा म्हणाली. "रोज रोज तुला कोण ऐकेल?"