उभारू शकेल

कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याला मत नसतं, असं डार्लीन स्टिल्टनर सत्तावीस वर्षं सांगत आली होती. वॉशिंग्टनला सेनेटच्या मसुदा-कचेरीत ती वीज आणि कोळशाची कलमं लिहायची. आज या पक्षासाठी, उद्या त्या पक्षासाठी. कुणी काय लिहून नेलं हे बाहेर बोलायचं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही, असा तिथला दंडक. डार्लीनला नवराच नव्हता, तेव्हा तेवढी पंचाईत टळली होती. दुपारी कँटीनमधलं घेवड्याचं सूप ती एकटीच प्यायची. कुणी समोर येऊन बसलंच तर हवापाण्याच्या गप्पा.

मनातलं बोलावं असा एकच माणूस उरला होता, केंटकीतला धाकटा भाऊ व्हर्जिल. तो काम करायचा ते कोळशाचं वीजकेंद्र वर्षअखेर बंद होणार होतं. ओहायोत दुसरी नोकरी तयार होती, पण गुरुवारी दुपारपर्यंत होकार कळवायला हवा होता.

"बंद केंद्रांच्या जागी सरकार नवी उभारणार म्हणे," मंगळवारी फोनवर त्याने विचारलं. "खरं का गं? घर विकायचं जिवावर आलंय."

"मला नको विचारूस, व्हर्जिल."

"हो, हो! मोठ्या लोकांत बसतेस तू. आमच्याशी दोन शब्द बोललीस तर जीभ झडेल ना?"

डार्लीन हसली. ते कलम तिनेच लिहिलं होतं: ऊर्जा खातं नवीन केंद्र उभारील. सांगायची चोरी असली, तरी भावाच्या बाबतीत ती निर्धास्त होती.

बुधवारी सकाळी सेनेटच्या ऊर्जा समितीची पाउला रेनर कागद नाचवत आली. "विधेयकाला दोन मतं कमी पडतायत. कलम चारशे बारा. 'उभारील' काढ, 'उभारू शकेल' घाल."

"मग खातं कशाला काय उभारतंय?"

"अगं बाई! तुला मत आहे?" पाउला खो खो हसली. "सत्तावीस वर्षांनी आज कळलं."

आठशे पानांचं बाड. मत देणाऱ्यांपैकी एकही जण ते वाचणार नव्हता, हे डार्लीनला पक्कं ठाऊक होतं. शब्द बदलायचा 'राहून गेला' असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने तो बदलला, नेहमीसारखा दोनदा तपासला आणि स्वच्छतागृहात जाऊन रडली. संध्याकाळी तिने तीनदा भावाचा नंबर काढला. तिन्ही वेळा फोन बाजूला ठेवला.

गुरुवारी चार वाजता विधेयक मंजूर झालं, मजकूर जाहीर झाला आणि तिचं तोंड मोकळं झालं. तिने लगेच फोन लावला.

"ओहायोला नाही म्हणून कळवलं!" व्हर्जिल उचलताच ओरडला. "सकाळीच! टीव्हीवर बघतोय आम्ही, सगळी आळी गोळा झालीय इथे."

"व्हर्जिल, ऐक. कायद्यात 'उभारू शकेल' असं आहे. उभारलंच पाहिजे असं नाही."

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुला कधी कळलं?"

"काल. मीच लिहिला तो शब्द."

"काल मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

डार्लीनला खोटं बोलता आलं नाही. "नाही."

"बरं." मग दारावर आलेल्या परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाला, "कळवल्याबद्दल आभारी आहे, मॅडम."