एकाच नावाचे दोन ऑर्गन

संगणकावरच्या वाद्यांच्या यादीत 'मास्तरांचा ऑर्गन' दोनदा होता. एकाखाली एक, मधे चारेक मिलिमीटरची जागा. अक्षरं तीच, शेजारची करडी खूणही तीच. रीताने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आधी निरीक्षण, मग कारण – बारावीच्या मुलांना ती दहा वर्षं हेच सांगत आली होती.

शालीकराम मास्तरांचा काल संध्याकाळी फोन आला होता, की नांदीचा आवाज पोकळ येऊन राहिला, उद्या रविवार आहे तर पाहून जा. म्हणून ती सकाळीच स्कूटीवरून सौंदडला त्यांच्या घरी आली होती. चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवलेला माणूस. दोन हंगामांपासून उजवा हात कापतो. चाली ते गुणगुणतात, ती संगणकात स्वर भरते. संगणकातला हा ऑर्गनही तिनेच भरलेला – सहा वर्षांपूर्वी, माइक चाळीस सेंटिमीटरवर ठेवून, एकेक पट्टी दाबून, मास्तरांच्या पत्नी मंदाबाईंना पंखा बंद ठेवायला लावून. दुपारभर घाम... आणि मास्तर भाता मारता मारता म्हणाले होते, माझ्या मागं हाच वाजंल.

बिघाड सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ऑर्गनचं प्लगइन, म्हणजे त्याच्या आवाजांची फाइल, दोन फोल्डरांत होतं. जुन्यात तिने बसवलेलं. नव्यात तेच, तिचेच आवाज, फक्त नव्या पद्धतीने बांधलेले. नांदी दोन्हींना जोडलेली, म्हणून दोन्ही एकदम वाजत होते, एक दुसऱ्याच्या किंचित मागे, आणि मधले काही स्वर एकमेकांना खाऊन टाकत होते. उद्या वर्गात तिचा धडा नेमका हाच होता.

नव्या फाइलची तारीख एकोणीस ऑगस्ट, दुपारी दोन दहा. मंगळवार. मंगळवारी दुपारी मी प्रयोगशाळेत असते, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मास्तरांकडे शिकणारी आचल मंगळवारी येते. गोंदियाहून, रेल्वेने, पाठीवर छोटा कीबोर्ड घेऊन. चोवीस वर्षांची. आजही येणार होती.

उपाय उघड होता: नवं ठेवायचं, जुनी गाणी नव्याला जोडायची, जुनं काढून टाकायचं. म्हणजे माझं काढायचं. रीताने तो उपाय तसाच राहू दिला आणि नव्याला कोणती गाणी जोडलेली आहेत ते पाहिलं. अकरा. अकराही तिने कधी न ऐकलेली. आणि सप्टेंबरात मास्तर तिला म्हणाले होते, की आता नवीन काही सुचत नाही... ती ते खरं मानून, त्यांच्यासाठी वाईट वाटून घेऊन घरी गेली होती.

मंदाबाई चहा घेऊन आल्या. काय झालं विचारलं, तिने सांगितलं.

"दोन झाले त बरंच आहे," त्या म्हणाल्या. "एक तू घरी ने."

रीता हसली. मंदाबाई गेल्यावर तिने नवी फाइल उचलून बाहेर ठेवली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं आणि अकरांपैकी पहिलं गाणं लावलं. निळी रेघ स्वरांवरून सरकत राहिली, शेवटापर्यंत, आणि एकही स्वर वाजला नाही. तिला बरं वाटलं. तहान लागल्यावर पाणी मिळावं तसं, घशापासून खाली. किती बरं वाटलं हे लक्षात आल्यावर ती खुर्चीत थोडी मागे सरकली.

फाइल परत जागी. आता ऐकू तरी.

डावा हात आधी आला. तो मास्तरांचा डावा हात होता – समेच्या अगदी जरासा आधी येणारा, शेवटचा स्वर लांबवून मग सोडून देणारा. आचलने ते कीबोर्डवर स्वतः वाजवून भरलं होतं. रीताचे स्वर माउसने एकेक ठेवलेले, मापात, एकही चूक नसलेले. सहा वर्षांत तिला हे वळण ऐकू आलं नव्हतं असं नाही. ऐकू आलं होतं. तिने ते सुधारलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी विचारलं होतं, नाटकात माझ्या जागी बसतेस का. सांगते, ती म्हणाली. पुढल्या वर्षी पुन्हा – सांगते. कॉलेज आहे, नाटकांचे प्रयोग रात्रीचे असतात, सगळी कारणं खरी. पण दार लावून ती घरी रोज वाजवते हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चुकलेला स्वर इथे संगणकावर एक कळ दाबून मागे घेता येतो. तिथे मंडपात हजार माणसं... यंदा मास्तरांनी विचारलंच नाही.

गाडी स्टेशनात आल्याचा भोंगा वाजला. रीताने नांदी उघडली, ती फक्त नव्या ऑर्गनला जोडली, मग आपली बाकीची गाणीही एकेक करून, आणि जुनी फाइल काढून टाकली. यादीत एकच ओळ उरली. नांदी लावली. भरीव, स्वच्छ. पलीकडच्या खोलीत खाटेवर मास्तरांची बोटं ताल धरू लागली.

"दीदी, हो गया क्या?" आचल दारात चपला काढत होती. "माझ्यामुळंच बिघडलं म्हणून राहिले ना सगळे?"

"झालं," रीता म्हणाली. "तुझंच ठेवलं आहे."

आचलचा चेहरा उजळला, आणि रीताच्या घशात ती मघाची तहान पुन्हा उभी राहिली, पहिल्याइतकीच. आपल्याला हे हवं आहे, की हिला मिळायला नको आहे? तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. वेगळं करता येईना.

"काऊन वो रीता," मास्तरांनी आतून विचारलं, "अजून काही राहिलं का?"

"राहिलंय, मास्तर," ती उठून उंबऱ्याशी गेली. "यंदा ऑर्गनवर मी बसणार."