पांढऱ्या पट्ट्याचा अहवाल

हुबळीच्या बौद्ध वस्तीतून एम.एस्सी. झालेली मथुरा पहिलीच. धारवाडच्या सर्वेक्षण कचेरीत तिला उपग्रहाची छायाचित्रं वाचायचं काम मिळालं. त्या चित्रांत हिरवं रान तांबडं उमटतं आणि उघडा खडक पांढरा.

एक्क्याऐंशी साली तिनं हिरेगवीच्या चुनखडीच्या टेकड्यांची दोन चित्रं शेजारी ठेवली, एक जुनं, एक ताजं. मधल्या आठ वर्षांत पांढरा पट्टा दुपटीनं पसरला होता, आणि त्याची सुरुवात होती दगडाच्या खाणीपाशी. तिथली झाडं गेली, आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर खडकाच्या भेगांत उतरून नाहीशी झाली.

तिचे साहेब, मुकुंदराव, जीप घेऊन तिच्यासोबत पाहणीला आले. खाणीच्या बंगल्यावर त्यांचं जेवण झालं. मथुरा मात्र खाणीपलीकडच्या धनगरवस्तीवर गेली. तिथं लक्कव्वा नावाची धनगरीण शेळ्यांना पाणी पाजत होती.

"अक्का, आभाळातनं आमच्या शेळ्या दिसत्यात काय गं?" तिनं हसत विचारलं.

"नाही. चित्रातला एक ठिपका म्हणजे ऐंशी मीटर. शेळी कुठली दिसायला?"

लक्कव्वाला बरं वाटलं. तिनं मथुरेला ताक दिलं.

अहवाल छापून आला तेव्हा नकाशा मथुरेचाच होता, खाली तिचं नावही होतं. मजकूर मुकुंदरावांचा होता: अति चराईमुळे जमिनीची धूप, वस्ती हलवावी. मथुरा तडक त्यांच्या खोलीत गेली.

"साहेब, पांढरा पट्टा खाणीपासून सुरू होतो. मी तसं लिहिलं होतं."

"खाण हलवता येते का, मथुराबाई?"

"मग माझं नाव काढा."

"छापून झालंय," ते म्हणाले आणि चहा मागवला.

वस्ती उठली. पुढच्या वर्षी हुबळीच्या कमरीपेठेत मथुरेला लक्कव्वा भेटली, डोक्यावर विटांची पाटी. शेळ्या विकल्या होत्या. तिनं मथुरेला ओळखलं आणि तोंड फिरवून पुढं चालू लागली. मथुरा "लक्कव्वा" म्हणून मागं गेली, तशी ती पाटी सावरत गल्लीत वळली.

चौऱ्याऐंशीत नवं चित्र आलं. वस्तीच्या जागीही आता पांढरं होतं. खाण तिथवर पोचली होती.

"चोरून चराई चालू आहे, असं लिहा," मुकुंदराव म्हणाले.

"तिथं एक शेळी उरली नाही, साहेब."

"मग जुन्या चराईचा परिणाम लिहा."

"नाही लिहिणार."

तिनं खरंच लिहिलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाळाचार्यांनी दुपारपर्यंत लिहून दिलं. महिन्याभरात मथुरेची बदली तळमजल्यावरच्या नकाशांच्या कोठारात झाली. वरून कुणी चित्र मागितलं की काढून द्यायचं, एवढंच काम. हिरेगवीचं चित्र खाणवाल्यांनी पुढची खोदाई आखायला मागवलं, तेव्हा तेही तिनंच गुंडाळून दिलं.