साफ न केलेला आवाज

निरोगी गळ्यातून 'आ' निघाला, की संगणकाच्या पडद्यावरच्या रेघेत एकसारख्या लाटा उमटतात. तिच्या नवऱ्याच्या 'आ'ला मात्र खरखरीचे काटे फुटले होते. तो रेडिओवर निवेदक, ती तिथेच ध्वनिमुद्रणाला. कार्यक्रम प्रसारणाला जायच्या आधी ती ते काटे एकेक करून काढून टाकायची.

डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं: गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचेल, आवाज जाईल. तो "बघू" म्हणाला होता. मग हेडफोन लावून तिनं साफ केलेलं निवेदन ऐकायचा आणि खूश व्हायचा.

"बघ, सुधारतोय की नाही? डॉक्टरांचं काय, सुरी चालवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

आपण काटे काढतो, हे ती त्याला सांगायची नाही. आधी त्याला धीर यावा म्हणून. नंतर बोलायला तोंडच उरलं नाही.

आज अंतराळात पाठवायच्या संदेशाचं मुद्रण होतं. दूरच्या एका ताऱ्याकडे, तिथं कुणी असेलच तर, अनेक भाषांमधून दोन वाक्यं जाणार होती. आपल्या भाषेसाठी त्याची निवड झाली होती. काचेपलीकडे माइकसमोर बसून त्यानं वाचलं, "आम्ही इथं आहोत. तुमच्याकडे कुणी आहे का?"

तिचा हात सवयीनं माउसकडे गेला.

"नको, हात लावू नका," अंतराळ केंद्रातून आलेल्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या. "माणसाचा गळा आहे तसाच पाठवायचाय. पण आधी त्यांना ऐकवा. त्यांची संमती हवी."

तो बाहेर आला, हेडफोन लावले. ऐकून त्याच्या भुवया आक्रसल्या.

"मशीन बिघडलंय का गं?"

"नाही."

"मग रोज असं येत नाही ते?"

"रोज मी साफ करते."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

शास्त्रज्ञ बाई चहाचं निमित्त काढून बाहेर गेल्या. त्यानं पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "वाटलं, तुम्हाला तेवढंच बरं वाटेल."

"वाटलं की. फार बरं वाटलं." तो पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिला. "तिकडच्यांना वाटेल, पृथ्वीवर सगळ्यांना सर्दीच झालेली असते."

तिला हसता आलं नाही. "दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ या का?"

"नको. हाच जाऊ दे. पोचेल कधी?"

"आपण नसू तेव्हा."

"म्हणजे घाई त्यांना नाही." त्यानं हेडफोन काढून तिच्या हातात दिले. "डॉक्टरांना फोन लाव. तू नको बोलूस. मी बोलतो."

तिनं नंबर लावून फोन त्याच्याकडे दिला. माइक सुरू व्हायच्या आधी घ्यायचा तसा एक श्वास त्यानं घेतला. खाकरून पाहिलं, गळा मोकळा झाला नाही.

"डॉक्टर," तो म्हणाला, "स्वरयंत्र काढा."