उघडा कान

उस्तादांच्या कानांच्या तपासणीचा निकाल इतका झकास आला की धाकटीला दिवसभर हसू आवरेना. चौतीस वर्षं आतषबाजीचे गोळे उडवणाऱ्या माणसाचे कान विशीतल्या पोरासारखे! ज्या दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची, तिथे तिने तो आलेख तिघाचौघांना कौतुकाने दाखवला. कापडगिरणीतली, छापखान्यातली धडधाकट माणसं तिच्यासमोर येऊन कान गमावल्याचं ऐकून जायची, आणि इथे तिचे स्वतःचे वडील सगळ्यांना पुरून उरले होते.

उस्ताद ही काही पदवी नव्हे. हाताखालच्या चौघांनी कधीतरी गमतीने म्हटलं आणि ते चिकटलं. आता नदीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला दोनशे बारा गोळे उडवायचे होते. गोळे उडवणाऱ्याचे कान धड असल्याचा कागद आणा, अशी यंदा नगरपालिकेची अट होती. म्हणून तर उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून लेकीच्या दवाखान्यात आले, आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसले आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबत राहिले. एकही आवाज चुकला नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना धाकटीच्या आनंदावर पाणी पडलं.

तीन वर्षांपूर्वी आईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती. शाळेतल्या बाईंचा तो खणखणीत, मैदानाच्या पलीकडे पोचणारा आवाज गेला आणि मागे उरली नुसती कुजबुज. शेजारीपाजारी, दुकानदार, खुद्द धाकटीसुद्धा दर दोन वाक्यांनी ‘काय?’ म्हणायची. उस्तादांनी मात्र आईला एकदाही ‘काय?’ म्हटलं नव्हतं. धाकटीला त्याचं फार अप्रूप होतं.

आई पातेलं घेऊन उस्तादांच्या उजव्या बाजूला, जरा मागे उभी राहिली. “अजून वाढू?”

उस्ताद जेवत राहिले.

“अहो, अजून वाढू?”

उस्तादांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला. मग आई टेबलाला वळसा घालून समोर आली, त्यांनी मान वर करेपर्यंत थांबली आणि तेच पुन्हा विचारलं. “नको, पुरे,” ते लगेच म्हणाले.

उस्ताद हात धुवायला गेले तसं धाकटीने आईकडे पाहिलं.

“वर्ष झालं,” आई म्हणाली. “मी आपली समोर जाऊन बोलते. त्यांना वाटतं, मला काही कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकटीने ‘यंत्राने घोळ केलाय’ अशी थाप मारून वडिलांना परत बोलावलं. हेडफोन लावला, काचेपलीकडे आपल्या जागी जाऊन बसली, नेहमीसारखी सुरुवात केली आणि पाचव्या आवाजानंतर यंत्राचा आवाज पार बंद करून टाकला. नुसती बसून राहिली.

उस्तादांनी बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. चेहऱ्यावर कान टवकारल्याचा असा काही भाव, की बघणाऱ्याने शपथेवर सांगावं, हा माणूस सुई पडलेली ऐकतोय. धाकटी दार उघडून आत गेली.

“बाबा, मी आवाज बंद केला होता.”

उस्ताद जमिनीकडे बघायला लागले.

“आठ वेळा बटण दाबलंत तुम्ही. काय ऐकून?”

“नऊ वेळा,” उस्ताद म्हणाले. मोजणीतली चूक त्यांना अशा वेळीसुद्धा सहन होईना. “तुझी एक सवय आहे. चार मोजून होतात तेव्हा एक आवाज, मग सहा मोजून, मग पाच. परत चार. काल पहिल्या दहाबारा आवाजांतच लक्षात आलं. मग ऐकायची गरजच काय?”

धाकटी संतापली. अकरा वर्षं ती हे काम करत होती. आपल्या बोटांना अशी काही चाल आहे हे तिचं तिला ठाऊक नव्हतं, बरोबरीच्यांना नव्हतं, आणि या माणसाने निम्म्या बहिऱ्या कानांनी एका बैठकीत ती पकडली होती. रागावायचं होतं तिला, पण आतून कौतुकच उचंबळून आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

“आता डोळे मिटा,” ती म्हणाली, “आणि मोजायचं नाही.”

या खेपेला तिने मुद्दाम वेडंवाकडं थांबत तपासलं. उजवा कान जवळजवळ गेलेला होता. डावा चांगला होता, फक्त उंच पट्टीच्या आवाजांच्या टोकाला आलेखाची रेघ किंचित खाली बसली होती. तो खड्डा नवा होता आणि तो कसा पडतो हे तिला पक्कं माहीत होतं.

“डावा कान कधीपासून उघडा ठेवताय?”

“गेल्या वर्षापासून,” ते म्हणाले. “उजव्याला आता नीट कळत नाही ना.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात एक गोळा वर गेला तो फुटलाच नाही. धूर आणि टाळ्यांत कोणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी हिशेब जुळेना, तेव्हा उस्ताद तीन दिवस गुडघ्यांवर गवत चाळत फिरले. गोळा सापडला एका कुंपणाच्या झुडपात. कुंपणापलीकडे शाळेचं मैदान होतं, आणि शाळा होती आईची. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, प्रत्येक गोळा फुटल्याचं आपल्या कानाने ऐकायचं. हाताखालच्या पोरांना कानात बोळे आणि वर जाड कानवाट्या घातल्याशिवाय ते जवळ फिरकू देत नसत. स्वतः मात्र एका बाजूची वाटी सरकवून बोळा काढून ठेवायचे.

“दोन्ही कान बंद केले की नळ्यातून सुटल्याचा आवाज कुठला आणि वर फुटल्याचा कुठला, सगळा एकच काला होतो. नजर गोळे सोडायच्या बटणांच्या फळीवरून हलवता येत नाही. आणि ही पोरं गुणी आहेत, पण आकाशात रंग उधळले की मोजणं विसरून आ वासून बघत बसतात.”

“गेलेला कान परत येत नाही, बाबा. त्याला औषध नाही. आणि डावा जायला लागला, की सगळ्यात आधी काय जाईल माहितीये? आईचं बोलणं.”

“तिला कळलंय?”

“वर्षभर ती तुमच्या समोर येऊन बोलतेय. तुम्हाला काय वाटलं, तिला हौस आहे?”

धाकटीने वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, खुंटीला लावली, पुन्हा काढली आणि पुन्हा गुंडाळली.

कागदावर तिने खरं तेच लिहिलं आणि खाली अट घातली, दोन्ही कान पूर्ण बंद ठेवूनच काम. घरी उस्तादांनी तो कागद आईपुढे ठेवला. “मोजता येणार नसेल तर मी एकही गोळा उडवणार नाही. पुलाचं काम सोडतो.”

आईने चष्मा लावून कागद वाचला. “मी मोजते,” ती म्हणाली.

उस्ताद हसले. ते हसू आईला मुळीच आवडलं नाही.

“तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या मी,” ती त्यांच्यासमोर येऊन म्हणाली. “चाळीस-चाळीस पोरं. एक तरी हरवलं? ती तर पळून जायची, झाडावर चढायची. तुमचे गोळे निदान एका जागी सुटतात.”

नगरपालिकेने तो कागद अटीसकट चालवून घेतला. वीस वर्षं दुसऱ्या कोणाच्या मोजणीवर विश्वास न ठेवलेला तो माणूस चार दुपारी स्वयंपाकघरात फळी मांडीवर घेऊन सराव करत बसला. ते बटण दाबायचे, धाकटी मनात येईल तेव्हा हातातला रुमाल हवेत उडवायची, आणि आई त्यांच्या खांद्यावर एक टिचकी मारायची. धाकटीने रुमाल नुसता उडवल्यासारखं केलं, तर आईचं बोट जागचं हलत नसे.

उद्घाटनाच्या दिवशी सूर्य बुडाला तेव्हा दोघं वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसले. धाकटी दोरीपलीकडे, स्वतःच्या कानांवर वाट्या चढवून उभी होती. तिने पाहिलं, आईने फोमचा बोळा चिमटीत वळून वळून बारीक केला, उस्तादांच्या डोक्यामागून हात घालून कान वर ओढला, बोळा आत सरकवला आणि तो फुगून बसेपर्यंत बोट दाबून धरलं. दोन्ही कान, एकामागून एक. वर वाट्या. मग स्वतःचे.

गोळे सुटू लागले. आकाश लाल झालं, हिरवं झालं, लोक नाचायला लागले. आई मान वर करून बसली होती. रंगांकडे ती बघत होती, पण रंगली मुळीच नव्हती. वर्गात परीक्षा चालू असताना ती जशी बघायची तशी बघत होती. बटण, स्फोट, टिचकी. बटण, स्फोट, टिचकी. धाकटीला वाटलं, सगळी गर्दी चुकीच्या दिशेला बघतेय. बघण्यासारखं ते इथे पोत्यांच्या आड चाललंय.

एकशे सदतीसावं बटण दाबलं, आणि टिचकी आली नाही.

उस्तादांचा हात डाव्या वाटीकडे गेला. वीस वर्षांची सवय ती, त्यांच्या परवानगीची वाट बघत नव्हती. बोटं वाटीच्या कडेखाली शिरली. धाकटी जीव खाऊन ओरडली, पण त्या गदारोळात कोण ऐकणार? आईने नजर आकाशातून काढली नाही. तिने फक्त दुसरा हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि वाटी कानावर घट्ट दाबून धरली.

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही फुटला.

क्षणभर ते तसेच राहिले. मग हात खाली घेतला, खडूने फळीवर एकशे सदतीसपुढे फुली मारली आणि पुढचं बटण दाबलं. खांद्यावर टिचकी आली.

सगळं संपल्यावर अर्धा तास थांबून हाताखालचे चौघं विजेऱ्या घेऊन नदीकाठी गेले. एकशे सदतीसाव्या नळ्याच्या रोखाने चालत गेले तर लव्हाळ्यात गोळा पडलेला, अख्खा. बादलीभर पाण्यात बुडवून घेऊन आले. “उस्ताद,” त्यांतला एक म्हणाला, “एकच ना? बाकीचे सगळे फुटले?”

“मला काय विचारतोस? बाईंना विचार.”

घरी जेवायला बसताना उस्तादांनी आपली खुर्ची उचलली. आई नेहमी उभी राहायची ती बाजू आता डाव्या कानाकडे यावी, अशी ती टेबलाच्या पलीकडे नेऊन ठेवली. आई शेगडीपाशी, त्यांच्याकडे पाठ करून, पातेल्यात डाव फिरवत होती.

“अजून वाढू?” ती तशीच पाठमोरी कुजबुजली.

“अर्धा डाव,” उस्ताद ताटावरची नजर न उचलता म्हणाले.

डाव पातेल्यात थांबला. आईला वळायला बराच वेळ लागला.