फिट्टंफाट

गिरणीवाल्याने सवयीने दोन खुर्च्या ओट्यावर आणून ठेवल्या आणि मग एक उचलून परत आत नेली. मतदानाचा दिवस होता, गिरणी बंद होती, आणि दुसऱ्या खुर्चीत बसणारा शिंपी हिवाळ्यातच गेला होता.

दोघांची दोस्ती गावाला ठाऊक होती आणि भांडणंही. पक्ष वेगळे, आणि दोघेही आपापल्या पक्षावर जीव टाकणारे. एका निवडणुकीत वाद हातघाईवर आला तेव्हा शिंप्यानेच तोड काढली. तुझं एक मत, माझं एक मत, फिट्टंफाट. मग शाळेपर्यंत तंगडतोड करायचीच कशाला? तेव्हापासून दर निवडणुकीला दोघे सकाळपासून या ओट्यावर बसत, ते मतदान संपेपर्यंत. बसणं कसलं, एकमेकांवर पहाराच. शिंपी नुसता मोरीकडे गेला तरी गिरणीवाला मान उंच करून बघायचा.

गावाला ही युक्ती भलतीच आवडली. ज्याने त्याने आपापला जोडीदार शोधला. सुताराने मेहुण्याला धरलं. एका घरातल्या दोन जावांचे पक्ष दोन निघाले, त्यांचं तर घरबसल्या काम झालं. शाळेत मतदान घ्यायला आलेली माणसं दिवसभर जांभया देत, आणि गाव आपल्या शहाणपणावर खूश असे.

आज गिरणीवाला मोकळा होता. त्याच्या पक्षाचा कार्यकर्ता सकाळीच येऊन सांगून गेला होता की आता तुम्हाला अडवणारं कोणी उरलं नाही, लवकर उरकून या. बोलणं खोटं नव्हतं, पण गिरणीवाल्याला ते झोंबलं. मित्र मेला म्हणून आपलं मत सुटलं, हे त्याच्या पचनी पडेना. शब्द दिला होता तो माणसाला, आणि माणूस गेला म्हणून शब्द कसा मोडायचा? तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात शिंप्याची मुलगी आली. बापाचं मशीन आता तीच चालवत होती, गळ्यात टेप तसाच लटकत होता. ही बापाच्या जागी बसायला आली असं वाटून गिरणीवाल्याला भरून आलं. तो खुर्ची आणायला उठला.

“राहू द्या काका,” ती म्हणाली. “बसायला नाही आले. तुम्हाला न्यायला आलेय.”

“तुझं एक, माझं एक. शेवटी फिटणारच ना? मग पाय कशाला दुखवायचे?”

“दवाखान्याला कुलूप लागलं, कोणी विचारलं का? दोन्ही पक्षांच्या गाड्या फाट्यावरून सरळ निघून जातात. इथे कोणी मतच देत नाही, तर थांबतील कशाला?”

पुढचं तिने बोलून दाखवलं नाही. शिंप्याला शहरात न्यायला उशीर झाला होता, आणि गाडीत त्याचं डोकं गिरणीवाल्याच्याच मांडीवर होतं. गिरणीवाला चपला शोधू लागला.

दोघं रस्त्याने निघालेली दिसताच गावात एकच धांदल उडाली. या युक्तीच्या पहिल्या जोडीतलाच मत द्यायला निघाला म्हटल्यावर कोणाचा कोणावर भरवसा राहीना. मेहुणा नुसता दारातून डोकावला, तर सुतार रंधा टाकून उठला. जावा भाजी अर्धी चिरलेली सोडून निघाल्या आणि एकमेकींना पुढे जाऊ न देता झपाझप चालू लागल्या. मागे वळून बघताना गिरणीवाल्याला कित्येक दिवसांनी हसू आलं.

शाळेच्या फाटकाशी मुलगी थांबली.

“एक सांगायचं राहिलं, काका. मी बाबांच्या पक्षाची नाही. तुमच्याच पक्षाची आहे. त्यांना सांगायचा धीर झाला नाही कधी.”

खरं तर गिरणीवाल्याला आनंद व्हायला हवा होता. आपल्या बाजूला एक मत वाढलं होतं, तेही शिंप्याच्या घरातलं. पण त्याला वाईटच वाटलं. त्या घरात आता शिंप्याच्या बाजूचं कोणी उरलं नव्हतं.

आत, पडद्यामागे, तो शिक्का हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. शिंप्याच्या पक्षाच्या चिन्हाला त्याने जन्मभर नावं ठेवली होती, पण कागदावर ते शोधायची वेळ आजच आली. सापडल्यावर त्याने शिक्का नीट सरळ धरला आणि जोर देऊन उमटवला. घडी घालून कागद पेटीत टाकला तेव्हा त्याला हलकं वाटलं.

बाहेर रांग फाटकाच्या पलीकडे गेली होती. जोडीदार जोडीदाराला खेटून उभे होते आणि आधी कोण आलं यावरून जुंपली होती. मुलगी भिंतीला टेकून बोटावरच्या शाईकडे बघत होती.

“बाबा असते तर आज माझ्यावर रागावले असते,” ती म्हणाली.

“नाही गं,” गिरणीवाला म्हणाला. “आज नसता रागावला.”